अगरचे तेल आणि पक्के बिल



यंदा आमच्या देरासरच्या ध्वजेच्या दिवसाआधी महिला मंडळात अगरच्या तेलावरून वाद झाला. अजूनही दोघीजणी माझ्याशी जरा तुटकच बोलतात. मी त्यांना दोष देत नाही. ज्या गोष्टीवर मी इतकी अडून बसले, ती नीट समजावून सांगायला त्या दिवशी मला जमले नाही. म्हणून आज लिहून काढते. तुमच्या मंडळात, तुमच्या घरातही हा विषय कधी ना कधी येणारच आहे, कारण हल्ली जिकडे तिकडे "शुद्ध अगर", "ओरिजिनल ऊद" असे लिहिलेल्या बाटल्या दिसायला लागल्या आहेत.

झाले असे. धूपपूजेसाठी आम्ही बायकांनी मिळून अकरा हजार रुपये जमवले. एकीच्या मुलाने मोबाइलवर एक विक्रेता शोधला. शंभर मिली शुद्ध अगरचे तेल, नऊ हजार रुपये, तेही "धार्मिक कार्यासाठी खास सवलत" देऊन. सगळ्या खूश. मंडळाच्या वह्या माझ्याकडे असतात. १९८१ साली बी.कॉम. झाले, नोकरी कधी केली नाही, पण डेबिट-क्रेडिट डोक्यातून गेलेले नाही. पैसे पाठवायच्या आधी मी म्हटले, थांबा, दोन दिवस द्या मला.

त्या दोन दिवसांत मी काय केले ते सांगते, कारण ते कोणीही करू शकते.

पहिल्यांदा माझ्या भावाला फोन केला. त्याचे दुकान मुंबईत, मोहम्मद अली रोडपासून जवळच. त्याला म्हटले, ओळखीच्या दोन अत्तरवाल्यांकडे जाऊन नुसता भाव विचारून ये, घ्यायचे काही नाही. दोघांनीही सांगितले की आसामचे साधे, मध्यम प्रतीचे खरे अगर तेल तोळ्याला दहा हजारांच्या खाली मिळणार नाही. चांगले हवे असेल तर पुढे मर्यादा नाही. आता हिशेब करा. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. शंभर मिली म्हणजे साधारण साडेआठ तोळे. दहा हजारांनी धरले तरी पंचाऐंशी हजार. आणि आम्हाला मिळत होते नऊ हजारांत, वर सवलत म्हणून! ज्या मालाचा कच्चा भावच पंचाऐंशी हजार आहे तो नऊ हजारांत देणारा माणूस एक तर दानशूर असला पाहिजे, नाही तर बाटलीत दुसरे काही तरी असले पाहिजे.

दुसरी गोष्ट, मी त्या विक्रेत्याला स्वतः फोन केला. गोड बोलत होता, "माँजी" म्हणत होता. मी म्हटले, भाऊ, आमचे मंडळाचे खाते आहे, मला पक्के बिल लागेल. हो म्हणाला. बिलाचा नमुना मोबाइलवर पाठवला. बाटलीवर मोठ्या अक्षरांत "शंभर टक्के शुद्ध अगर" होते आणि बिलावर नुसते "सुगंधी द्रव्य". मी विचारले, बिलावर अगर तेल असे लिहून द्याल का? आणि लाकूड कुठल्या बागेतले, कुठल्या राज्यातले, ते? त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

बहिणींनो, नाकाने परीक्षा करण्याच्या शंभर युक्त्या तुम्हाला कोणीही सांगेल. माझी युक्ती ही एकच. माणूस जे तोंडाने बोलतो, ते कागदावर लिहून देतो का, ते बघा.

आता थोडे अगरविषयी, कारण मला स्वतःलाच साठी उलटेपर्यंत यातले फारसे ठाऊक नव्हते. आपल्या मराठीत उदबत्ती म्हणतात, हिंदी-गुजरातीत अगरबत्ती. दोन्ही नावांत सुगंधी वस्तूच आहे, पण घोळही तिथेच आहे. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात "ऊद" मागितला तर बहुतेक वेळा लोबान मिळतो, म्हणजे झाडाचा सुगंधी डिंक. अरबस्तानात मात्र ऊद म्हणजे अगरचे लाकूड. त्यामुळे "ऊद" लिहिलेली पुडी अगदी प्रामाणिक असली तरी तिच्यात अगर असेलच असे नाही. आणि आजच्या अगरबत्तीत अगरचा अंश शोधायला गेलात तर नाव सोडून काही हाती लागणार नाही. कोळशाची पूड, लाकडाचा भुसा, चिकटपणासाठी जिगट आणि वरून सुगंध. दहा-वीस रुपयांच्या पुड्यात दुसरे काय असणार?

खरे अगर हे एका झाडाच्या आजारातून येते. हे झाड आपल्या ईशान्य भारतात होते, आसाम, त्रिपुरा, नागालँड, अरुणाचल या बाजूला. आसामात त्याला सांची म्हणतात. पूर्वी त्याच्या सालीवर पोथ्या लिहीत, आपल्या ग्रंथभंडारात ताडपत्र्या असतात तशा तिकडे सांचीपाताच्या पोथ्या. निरोगी झाडाचे लाकूड पांढरट, हलके, वास नसलेले असते. त्याला कवडीची किंमत नाही. एका पतंगाची अळी खोड पोखरते, त्या भोकातून बुरशी आत शिरते, आणि झाड स्वतःला वाचवायला त्या जखमेभोवती काळसर राळ साठवते. वर्षानुवर्षे ती राळ लाकडात मुरते. तेच अगर. राळ भरपूर असेल तर लाकूड इतके जड होते की पाण्यात बुडते. ते लाकूड तासून, फोडून, बरेच दिवस पाण्यात भिजवतात, मग मोठ्या भांड्यांत उकळून वाफेबरोबर तेल काढतात. मणभर लाकूड उकळावे तेव्हा चमचाभर तेल हाती येते, म्हणून तर तो भाव. आसामात होजाई हे या धंद्याचे मोठे गाव. तिथलेच हाजी अजमल अली १९५०च्या दशकात मुंबईत आले आणि मुंबईहून अगरचे तेल आखाती देशांत पोचवणाऱ्यांत त्यांचे नाव झाले. तेव्हा आपल्या मुंबईचा आणि अगरचा संबंध जुना आहे.

आणि आपला जैनांचा संबंध तर त्याहून कितीतरी जुना. पर्युषणात आपण कल्पसूत्र ऐकतो. त्रिशलामातेच्या शयनगृहाचे वर्णन येते तेव्हा धूपांची नावे येतात, कालागुरू, कुंदुरुक्क, तुरुक्क. कालागुरू म्हणजे हेच काळे अगर. लहानपणापासून मी ते ऐकत आले, पण त्यामागे एक झाड, एक अळी आणि एक जखम आहे हे कधी मनात आले नव्हते. जुन्या लोकांना मात्र ठाऊक होते. अमरकोशात अगरूची जी नावे दिली आहेत त्यांत एक आहे "राजार्ह", म्हणजे राजाला शोभणारे, आणि दुसरे आहे "कृमिज", म्हणजे किड्यापासून झालेले. एकाच वस्तूची ही दोन नावे! पहिले नाव दुकानदार सांगतो. दुसरे आपण विचारायचे असते.

इथे माझ्या मनात खरी अडचण सुरू झाली. खोटे तेल घ्यायचे नाही हे सोपे होते. पण खरे तरी घ्यावे का?

आपण रेशीम का सोडले? माझ्या सासूबाईंकडे पूजेची रेशमी जोडी होती, लग्नातली. कोश उकळत्या पाण्यात टाकतात आणि आत जीव असतो, हे व्याख्यानात ऐकल्यावर त्यांनी ती जोडी पुन्हा अंगाला लावली नाही. मिठाईवरचा वर्ख का सोडला? जनावराच्या कातड्या-आतड्यांच्या पानांत तो कुटत असत म्हणून. पुढे २०१६ साली सरकारनेच नियम केला की वर्ख बनवताना प्राण्याची कुठलीही वस्तू वापरायची नाही. कस्तुरी सोडली, कारण हरीण. आता तर कायद्यानेही ती बंद आहे. मग "कृमिज" असलेले अगर कसे चालते?

मागच्या मार्गशीर्षात विहारात असलेल्या एक साध्वीजी महाराज वडखळच्या बाजूला दोन दिवस थांबल्या होत्या. मुंबई-गोवा रस्त्याने विहार म्हणजे किती कठीण, तुम्हाला माहीत आहे. वंदनाला गेले तेव्हा मी हा प्रश्न विचारला. त्यांनी हो किंवा नाही असे काही सांगितले नाही. उलट मलाच विचारले, "श्राविका, तुमच्या चौदा नियमांत हे कुठे बसते?"

घरी येईपर्यंत मी रिक्षात तोच विचार करत होते. चौदा नियम आपण सकाळी धारतो. सचित्त, द्रव्य, विगई, आणि पुढे कुसुम आणि विलेपन. कुसुम म्हणजे फक्त फूल नव्हे, जे जे हुंगायचे ते सगळे त्यात. विलेपन म्हणजे अंगाला लावायचे. म्हणजे अत्तराचा एक थेंब मनगटावर लावला की तो एका वेळी दोन नियमांत मोजायचा! शास्त्रकारांनी सुगंधाला वाईट म्हटलेले नाही, पण त्याला मोजायला लावले आहे. सातव्या व्रतातही भोगाच्या वस्तूंची मर्यादा सांगताना गंध आणि माळा यांचे नाव येतेच. वही ठेवणाऱ्या बाईला हे लगेच पटते. ज्याची नोंद होते त्याला आपोआप लगाम बसतो.

मग मी अळीचा विचार शांतपणे केला. रेशमात जीव मारल्याशिवाय अखंड धागा निघतच नाही. हिंसा त्या वस्तूच्या आतच आहे. अगरमध्ये तसे नाही. अळीचा पतंग होऊन तो उडून गेला तरी राळ साठत राहते, उलट त्यानंतरच वर्षे जातात. अळीला मारून अगर मिळत नाही. पण झाड तोडताना, फोडताना आत दुसरी अळी नसेलच, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. हल्ली लागवडीच्या बागांत खोडाला बारीक भोके पाडून त्यात बुरशीचे मिश्रण सोडतात, म्हणजे अळीची वाट बघावी लागत नाही. आसामात जोरहाटला वर्षावनांवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, तिथे यावर बरेच काम झाले आहे. त्रस जीवाचा प्रश्न त्याने कमी होतो. पण बुरशी म्हणजे आपली लीलफुगच की! तिला पाय पडू नये म्हणून आपण पावसाळ्यात ओट्यावरून जपून चालतो. शिवाय झाड हा जीव आहे, भट्टीतला अग्नी आहे, भिजत ठेवलेले पाणी आहे. तेव्हा "संपूर्ण अहिंसक अगर" असे कोणी विकत असेल तर तोही खोटेच बोलतो आहे, चांगल्या शब्दांत.

माझे मत मी असे बनवले आहे. अगर रेशमाच्या रांगेत बसत नाही, पण ते रोजच्या वापराच्या रांगेतही बसत नाही. ते केशरासारखे आहे. क्वचित, थोडे आणि कारण असेल तरच.

आता तिसऱ्या व्रताकडे वळते, कारण मला वाटते आपल्या मंडळांत सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथे होते. अहिंसेवर आपण तासभर बोलू, पण अदत्तादान म्हटले की आपल्याला वाटते, आपण काय चोऱ्या करतो? बहिणींनो, वंदित्तु सूत्रात आपण रोज त्या व्रताचे पाच अतिचार आलोवतो. चोरीचा माल घेणे, चोराला मदत करणे, बनावट माल खऱ्याच्या नावाने देणे, राज्याच्या कायद्याविरुद्ध वागणे, खोटी वजनेमापे वापरणे. आता त्या शंभर मिलीच्या बाटलीवर हे पाच अतिचार ठेवून बघा.

बनावट माल, हे तर उघडच आहे. असल्या तेलात मुख्यतः वास नसलेले स्वस्त द्रावक असते आणि वर कृत्रिम सुगंध. चोरीचा माल, हा धोका खऱ्या अगरमध्ये आहे. ही झाडे जंगलातून इतकी तोडली गेली की १९९५पासून या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस कराराचे नियंत्रण आले, आणि आज ती अतिशय संकटात असलेल्या जातींत मोजली जाते. जंगलातून चोरून तोडलेल्या झाडाचे तेल कितीही शुद्ध असले तरी ते चोरीचेच. आपल्या पंधरा कर्मादानांतही वनकर्म आहेच, जंगल तोडून पोट भरणे. आपण झाड तोडत नाही हे खरे, पण आपण बिल न मागता पैसे दिले की तोडणाऱ्याचे दुकान चालते. वही कॉमर्सची असो की कर्माची, ज्या खात्यातून पैसा जातो त्या खात्याचे नाव लिहावे लागते.

त्याच्या उलट बाजूही बघा. आसामात आणि त्रिपुरात शेकडो घरांच्या परसात, चहाच्या मळ्यांच्या कडेला ही झाडे लावलेली आहेत. आसाम सरकारने २०२० साली आणि त्रिपुरा सरकारने २०२१ साली अगरसाठी धोरणच केले. लावलेल्या झाडाचे, पावतीने घेतलेले तेल आपण घेतले तर एखाद्या कुटुंबाला झाड लावणे परवडते. म्हणजे "अगर घेऊच नका" म्हणणेही तितकेसे सोपे नाही. "कुणाकडून आणि कशावर लिहून घेतलेत?" एवढे विचारायचे.

ज्यांची मुले आखातात आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. दुबईहून येताना मुले सासूला खूश करायला ऊदची बाटली आणतात. सायटीसच्या नियमांत प्रवाशाने स्वतःच्या वापरासाठी बरोबर न्यायची सवलत आहे, माणशी २४ मिली तेल आणि एक किलो लाकडाचे तुकडे, त्यापुढे परवाना लागतो. काही देश ही सवलतही देत नाहीत, म्हणून आधी चौकशी करावी. चारचौघींना वाटायला म्हणून डझनभर बाटल्या पेटीत भरून आणू नका. राज्यविरुद्ध आचरण हा अतिचार विमानतळावरही लागू असतो!

आता मंडळात जो मुख्य आक्षेप माझ्यावर आला तो. आमच्या एक ज्येष्ठ भाभी, मी त्यांना फार मानते, म्हणाल्या, "तू फार खोलात जातेस. देवाला काय, भाव पोचतो. तेल खरे की खोटे याने भक्ती कमी होते का?" आणि दुसरी म्हणाली, "उदबत्तीत तरी काय खरे असते? तिथे नाही विचारत तू."

दुसरीचे म्हणणे बरोबर आहे, आणि मी तिला तसे सांगितले. मी उदबत्तीलाही विचारायला हवे होते. विचारायला लागल्यापासून जे कळले ते सांगते. धूपाच्या मसाल्यात नख किंवा नखला म्हणून एक जिन्नस असतो. तो समुद्रातल्या शंखाच्या प्राण्याच्या तोंडावरचे झाकण असते. कितीतरी दशांग धूपांत तो घालतात, कनौजकडे त्याचा जाळून अर्कही काढतात. आपण रात्रीचे खात नाही, कंद खात नाही, आणि देरासरात शंखातल्या जीवाचे नख जाळतो! वाण्याला विचारा, "यात नखला आहे का?" चांगला वाणी सांगतो.

पहिल्या आक्षेपावर मात्र मी भाभींशी सहमत नाही. भाव पोचतो हे खरे. पण भाव पोचतो म्हणून आपण तांदळाच्या स्वस्तिकात किडके तांदूळ वापरत नाही. निवडून, अखंड अक्षत घेतो. का? परमात्म्याला तांदूळ लागतात म्हणून नव्हे. त्या निवडण्यात आपला अर्धा तास जातो, आपले डोळे जागे राहतात, म्हणून. अष्टप्रकारी पूजेत धूप हा चौथा. धूप करताना आपण भावना काय भावतो? धूर वर जातो तसा आत्मा ऊर्ध्वगामी व्हावा, मिथ्यात्वाची दुर्गंधी जावी. आता हातात खोट्या नावाची बाटली धरून मिथ्यात्व जावे म्हणायचे, हे मला तरी जमणार नाही. साधा राळेचा धूप केला आणि त्याला राळच म्हटले, तर तो खोट्या अगरपेक्षा हजार पटीने शुद्ध आहे.

आणि एक गोष्ट, जी मी मंडळात बोलले नाही. माझे यजमान गेले त्याला सहा वर्षे झाली. शेवटच्या वर्षी त्यांना दम्याचा फार त्रास होता. हमरस्त्याच्या कडेची आमची वस्ती, दिवसभर ट्रकची धूळ. खिडक्या बंद ठेवायच्या, आणि बंद घरात सकाळ-संध्याकाळ मी उदबत्ती लावायची, चांगली दोन-दोन. नवकारवाळी करताना ते खोकायचे आणि मी म्हणायचे, हवा बदलली. कोणत्याही धुरात बारीक कण असतात आणि ते छातीत जातात, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मी ओशाळले. सुगंध माझा आणि खोकला त्यांचा! त्या दिवसापासून घरात धूर बंद. देव्हाऱ्यासमोर तुपाचा दिवा पुरतो. म्हणून अगरच्या तेलाबद्दल मला आधी ओढ वाटली होती, हेही कबूल करते. धूर नाही, थेंबभर तेल, आणि खोलीला सुगंध. मला वाटले, हे आधी माहीत असते तर.

ती ओढच माणसाला फसवते, बरे का. ज्याची फार इच्छा असते ते स्वस्तात मिळाले की आपण हिशेब करणे विसरतो.

शेवटी काय झाले ते सांगते. जमलेले अकरा हजार धूपाच्या खात्यातले. ते दुसरीकडे वळवता येत नाहीत, ज्या खात्याचे त्याच खात्यात, देवद्रव्याच्या बाबतीत आपल्याकडे यावर तडजोड नाही. गुग्गुळ घ्यावा म्हटले तर गुग्गुळाचे झुडूपही आपल्या देशात संकटात आलेले. चंदनाचीही तीच ओरड. मग सर्वानुमते असे ठरले. भावाच्या ओळखीने पाव तोळा अगर तेल घेतले, लागवडीच्या झाडाचे, बिलावर "अगर तेल, आसाम" असे स्पष्ट लिहिलेले. तीन हजार रुपये झाले. ते फक्त ध्वजेच्या दिवशी, धूपाच्या चूर्णात काडीने दोन थेंब एवढेच. बाकी पैशांतून नखला नसलेला साधा राळ-कपूरकाचरीचा धूप, वर्षभर पुरेल असा. उरलेले वहीत शिल्लक दाखवले आहेत.

ध्वजेच्या दिवशी तो वास आला तेव्हा काही बायकांना आवडलाच नाही! एक म्हणाली, "हे अगर? गोठ्यासारखा वास येतोय." खरे आहे, खऱ्या अगरचा वास पहिल्यांदा जरा उग्र, ओल्या लाकडासारखा, जनावरासारखाही वाटतो, आणि मग हळूहळू गोड होत जातो. मोबाइलवर मागवलेल्या बाटलीचा वास कदाचित सगळ्यांना जास्त आवडला असता. पण संध्याकाळी आरतीच्या वेळीसुद्धा रंगमंडपात तो मंद दरवळ होता. भाभी काही बोलल्या नाहीत. जाताना माझ्या हातातली वही घेऊन त्यांनी ते बिल मात्र नीट वाचले.

जाता जाता, माझ्या वहीतल्या चार ओळी तुमच्यासाठी.

घ्यायचे असेल तर तोळ्याचा भाव दोन ठिकाणी विचारा आणि गुणाकार करा. भाव बसत नसेल तर माल बसत नाही. बिलावर वस्तूचे नाव आणि गाव लिहून घ्या. कागदावर थेंब टाकून, पाण्यात टाकून, फ्रिजमध्ये ठेवून परीक्षा करायच्या युक्त्यांवर विसंबू नका. हुशार भेसळ त्यातून पार होते, खरे काय ते प्रयोगशाळेतच कळते. "अगर अत्तर" आणि "अगर तेल" यांत फरक विचारा, कारण अत्तरात दुसऱ्या तेलाचा आधार असू शकतो, आणि जुन्या पद्धतीच्या अत्तरांत कस्तुरी, अंबर, नख आहे का तेही विचारा.

वापरायचे असेल तर काचेच्या कांडीने एक थेंब, कपड्याच्या आतल्या बाजूला. बाटली काचेची, अंधारात ठेवलेली. सामायिक, पौषध, आयंबिलच्या दिवशी नाही. प्रतिमाजीला काय लावायचे, काय नाही, ते आपापल्या गच्छाच्या गुरुभगवंतांना विचारा, विक्रेत्याला नाही. घरात कोणी दमेकरी असेल तर धूर नाही आणि उग्र वासही नाही.

न घ्यायचे असेल तर काहीही कमी होत नाही. आमच्या स्थानकवासी बहिणी धूपाशिवायच धर्म करतात आणि उत्तम करतात.

आणि मोजा. एवढे एकच मी आग्रहाने सांगेन. सकाळी चौदा नियम धारताना कुसुम आणि विलेपनाजवळ आपण भरभर पुढे जातो, "दोन-चार" म्हणून मोकळ्या होतो. तिथे जरा थांबा. आज किती थेंब, कुठून आले, कोणाला त्रास होईल? एवढे विचारले की बाटली आपोआप पुरते. आमच्या पाव तोळ्यातले अजून बरेच शिल्लक आहे. पुढच्या वर्षीच्या ध्वजेलाही पुरेल, आणि पैसे मागायला मला कोणाच्या दारात जावे लागणार नाही.

मंडळातल्या ज्या दोघींचे मन दुखावले त्यांना आणि तुम्हा सगळ्यांना, जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असेल तर, मिच्छामि दुक्कडम्.